कागदी गाईचा रवंथ

१

सर्जेराव, दुकानाच्या किल्ल्या तुमच्या हातात देण्याआधी एक विचारतो. कान एक सांगत असतील आणि डोळे दुसरंच सांगत असतील, तर माणसानं विश्वास कुणावर ठेवायचा?

उत्तराची घाई करू नका. तुम्ही आमचे जावई, त्यात शिकलेले. तुम्ही पुस्तकातलं काहीतरी सांगाल आणि मला मान डोलवावी लागेल. मी शाळेची पायरी चढलो ती फक्त पाट्या पोचवायला. वाचायला शिकलो ते रद्दीवर. आमच्या वडिलांचं किराणा दुकान होतं, पुडी बांधायच्या आधी मी कागद वाचून घ्यायचो. त्यामुळे माझं ज्ञान सगळं अर्धं फाटलेलं. एका खुनाच्या खटल्यात पुढं काय निकाल लागला ते मला आजपर्यंत कळलेलं नाही, कारण ते पान एका बाईच्या मिरच्यांबरोबर मोरगावला गेलं.

धंद्यात मात्र मी कुणाच्या सांगण्यावर गेलो नाही. गुळाची ढेप वाजवून घेतली, पाटी नखानं ओढून घेतली. माल स्वतः बोलतो, आपण ऐकायचं, एवढी एकच विद्या मला येते. तिनंच मला त्या दिवशी घोटाळ्यात टाकलं.

काल तुम्ही विचारलंत, मामा, आपल्याकडे गाय नाही, म्हैस नाही, मग मागच्या खोलीच्या पडवीत कडबा कशाला रचलाय? आणि त्या एका खोलीला वेगळं कुलूप का? मी म्हटलं, सांगतो सावकाश. आता दुपार आहे, गिऱ्हाईक नाही. बसा.

२

छत्तीस सालची गोष्ट. किराणा सोडून मी शाळेच्या सामानाचा धंदा धरला होता. पाट्या, शाई, नकाशे. बारामतीत पृथ्वीचा गोल पहिल्यांदा मी विकायला ठेवला तेव्हा लोणी भापकरचे तात्याबा म्हणून एक म्हातारे मुद्दाम बघायला आले होते. त्यांनी गोलावर टिचकी मारली आणि म्हणाले, "आबाशेट, हे तर पोकळ हाय! म्हणूनच दुनियेचं काय खरं न्हाय." आम्ही पोट धरून हसलो.

त्याच वर्षी इथल्या एका शाळेत सोपान मास्तर आले. शेतकऱ्याच्या घरातला पहिला शिकलेला पोरगा, पुण्यात शेतकीचं शिक्षण घेतलेला. मन मोठं आणि पगार लहान. जनावरांच्या शरीराचा धडा ते फळ्यावर काढून शिकवायचे आणि स्वतःवरच चिडायचे. एक दिवस ते एका जर्मन कंपनीचं मालाच्या चित्रांचं आणि किमतींचं पुस्तक घेऊन दुकानात आले. त्यात कागदाच्या लगद्याचे बेडूक, घोडे, कोंबडीची अंडी, सगळं उघडणारं. कडी काढली की काळीज हातात येतं, दुसरी काढली की आतडी.

मास्तर रंगात येऊन सांगायला लागले. फ्रान्सात एक वैद्य होता म्हणे. शिकायला प्रेतं मिळेनात आणि मिळाली तरी टिकेनात, म्हणून त्यानं कागदाची माणसं घडवली. मग कागदाचे घोडे, कागदाच्या गोगलगाई. त्याच्या कारखान्यात अख्खं गाव कामाला. जर्मनीकडच्या एका बापलेकांनी तर समुद्रातले जीव काचेचे केले, इतके हुबेहूब की बघणाऱ्याला ते ओले वाटायचे.

"आबाशेट, मला गाय हवी आहे," मास्तर म्हणाले. "चार कप्प्यांचं पोट असलेली. रवंथ कसा होतो ते पोरांना हातानं उघडून बघता आलं पाहिजे. पण ही किंमत बघा."

बघितली. त्या किमतीत खरी गाय आली असती, वासरासकट.

"मास्तर," मी म्हटलं, "कागदाचा लगदा इंदापुरातही होतो."

३

इंदापुरात प्रयागबाई म्हणून एक विधवा बाई होत्या. गौरीचे मुखवटे आणि बेंदराचे मातीचे बैल करायच्या. आमच्या दुकानाची रद्दी त्यांच्याकडेच जायची. ती भिजवून, कुटून, त्यात मेथीचं पीठ, डिंक आणि खडू घालून त्या लगदा मळायच्या. मेथीमुळं कीड लागत नाही.

त्यांच्या बैलांची एक खूण होती. हलवला की आत खुळखुळ वाजायचं. लहान पोरांसाठी असेल, असं सगळ्यांना वाटायचं. मलाही.

सोपान मास्तरांनी तक्ता नेऊन दाखवला. बाईंनी सांगितल्याबरहुकूम काम केलं. कालवडीएवढी पांढरी खिल्लार गाय, चार पायांवर उभी. डाव्या कुशीला दार, त्याला पितळी कडी. आत चार कप्पे. पहिला पोत्यासारखा, दुसऱ्याला आतून मधाच्या पोळ्यासारखी जाळी, तिसऱ्यात पोथीसारखी पानं, चौथा गुळगुळीत. तोंड मिटलेलं आणि आतून भरीव. घास कुठून वर येतो ते दाखवायला मानेवर नुसती तांबडी रेघ रंगवलेली.

माल ताब्यात घ्यायला मी आणि मास्तर गेलो तेव्हा बाई शेवटचा हात फिरवत होत्या.

"मास्तर, प्वाट झालं. आता प्वाटात काय घालू?"

"काही नाही, मावशी. रिकामं ठेवा."

"रिकामं? मूठभर जुंधळं तरी घालते."

"नको नको. जोंधळ्याला किडे होतील आणि पोरं त्याच्याशीच खेळत बसतील. कप्पे आतून स्वच्छ दिसले पाहिजेत."

बाईंचे हात थांबले. "माज्या हातचं पोकळ काईबी म्या रिकामं सोडत न्हाय. माजी आय घालायची, म्याबी घालते."

"पण का?"

"आता का म्हंजी? मास्तर, तुमी जेवायच्या आदी ताटाभवती पाणी फिरवता, तवा का म्हणून इचारता का?"

मास्तर हसले. मीही हसलो. मास्तर हट्टाला पेटले नव्हते, गोडच बोलत होते, पण पोटात दाणा सापडला तर शाळा माल परत करील असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाईंनी मूठ पुन्हा गाडग्यात रिकामी केली.

खोकं बांधताना त्यांनी एवढंच विचारलं, "भवती कसलं भरलंय, आबाशेट?"

"कडब्याची कुट्टी. धक्के लागू नयेत म्हणून."

"मंग बरं हाय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

४

मोटारीनं आणली असती तर रस्त्याच्या खड्ड्यांत गाईचे पाय मोडले असते, म्हणून गाडी केली. गाडीवान आपला झुंबर. तुम्ही त्याला आता बघता तो वाकलेला. तेव्हा तो गाडीच्या दांडीवर उभा राहून गाणी म्हणायचा. त्याची सगळी दौलत म्हणजे दोन बैल, पाखऱ्या आणि चिमण्या. बायकोला नाव घेऊन कधी हाक मारली नसेल, बैलांशी मात्र दिवसभर बोलणं.

पहाटे निघालो. मास्तर मोटारीनं पुढं गेले. उन्हं तापली तेव्हा अंथुर्ण्याजवळ कालव्याच्या कडेला लिंबाखाली गाडी सोडली. बैलांनी वैरण खाल्ली, पाणी प्याले आणि सावलीत बसले. झुंबरनं फडकं तोंडावर घेतलं. मी गाडीच्या चाकाला पाठ टेकून डोळे मिटले.

दुपार कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. कालव्याचं पाणी वाहतंय, उसाची पानं एकमेकांना घासतायत, आणि जवळच जनावरं रवंथ करतायत. खर्र, खर्र, खर्र, मग जरा थांबून घशात गिळल्याचा आवाज, मग परत खर्र, खर्र. झोप यायला याच्यासारखं औषध नाही. मी आवाज ऐकत किती वेळ पडून होतो, ठाऊक नाही. मनात विचार आला, बैल चांगले तब्येतीत आहेत.

मग लक्षात आलं की आवाज पाठीमागून येतोय. बैल तर समोर होते.

डोळे उघडले. पाखऱ्या आणि चिमण्या शेजारी शेजारी बसले होते, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. दोघांचीही तोंडं बंद. जबडा हलत नव्हता. आणि माझ्या डोक्यामागं, चाकाच्या वर, गाडीत, तो संथ आवाज चाललाच होता.

"झुंबर."

झुंबरनं फडकं बाजूला केलं. त्यानं आधी बैलांकडे बघितलं. गाडीवान माणूस, त्याचं लक्ष तिकडंच जाणार. तो उठून बसला.

"आबाशेट, बैल रवंथ करंनात."

"हा आवाज ऐकतोयस का?"

"आवाजाचं मरू द्या वो! हे बगा, दोगंबी थोबाड मिटून बसल्यात. रोज ह्या टायमाला घास घोळत असत्यात. काय खाल्लं ह्यांनी?"

मी खोक्यावर थाप मारली. आवाज थांबला. कुट्टी खाली बसत असेल, मी म्हटलं. उन्हानं लगदा तडकत असेल. उंदीर शिरला असेल. तीन कारणं सुचली आणि तिन्ही पटण्यासारखी होती. मी हात काढला. जरा वेळ शांतता. मग आत कुणीतरी सावकाश, बिनघोर, एक घास चावायला घेतला.

मी झुंबरला गाडी जुंपायला सांगितली.

५

शाळेत खोकं उघडलं तेव्हा मास्तर, शिपाई आणि मी असे तिघे होतो. कुट्टी अर्ध्यावर आली होती. इंदापुरात मी स्वतः दाबून दाबून काठोकाठ भरली होती.

"हलून खाली बसली," मास्तर म्हणाले.

मी मान डोलावली. मालात घट येते हे व्यापाऱ्याला कुणी शिकवायला नको. गूळ वाळतो, मीठ पाझरतं. पण कुट्टी खाली बसते तेव्हा दाट होते, सर्जेराव. ही वरून खालपर्यंत भुसभुशीत होती.

मास्तरांनी कौतुकानं कडी काढली, कुशीचं दार उघडलं, पहिला कप्पा दोन्ही हातांनी बाहेर घेतला. मग त्यात हात घातला आणि चेहरा आकसला. हातात चावलेल्या कडब्याचा गोळा होता. ओला. आंबूस वासाचा.

"मावशींनी शेवटी घातलंच काहीतरी," मास्तर म्हणाले. हसायचा प्रयत्न करत होते. "लगदा ओला असेल, त्याची ओल लागली."

गोळा त्यांनी खिडकीतून टाकला आणि हात पुन्हा पुन्हा धोतराला पुसले. पण लगदा ओला नव्हता. मी वाजवून घेतला होता. वाळलेल्या भोपळ्यासारखा ठणठणीत आवाज आला होता त्याचा.

मास्तरांचा तो धडा फार गाजला. पोरं रांग लावून कप्पे उघडून बघत. शेजारच्या वर्गातले मास्तरही येऊन बसत. मास्तर खूश होते, मी खूश होतो, आणखी दोन शाळांनी माझ्याकडे चौकशी केली. फक्त एकदा मास्तर बिलाचं निमित्त काढून दुकानात आले आणि उठता उठता म्हणाले, "आबाशेट, पोरं मनात वाचायला गप्प बसतात ना, तेव्हा सगळी एकदम कोपऱ्याकडे बघतात."

"आणि तुम्ही?"

"मी फळ्याकडे बघतो," ते म्हणाले.

६

इकडं पाखऱ्यानं खाणं सोडलं होतं. झुंबर जनावरांच्या दवाखान्यात जाऊन आला. तिथले डॉक्टर भला माणूस, त्यांनी पोट दाबून पाहिलं, औषध पाजलं. झुंबरनं गूळ-ओवा चारला, मीठ-हळद चारली. कुणी सांगितलं दृष्ट लागली, ती काढली. बैल चारा तोंडात घ्यायचा, गिळायचा, आणि बसून राहायचा. गिळलेलं परत वर यायचंच नाही. पोट फुगून दगडासारखं झालं. जनावरानं रवंथ सोडला की शेतकरी काय समजायचं ते समजतो. आठवडाभरात पाखऱ्या गेला.

मी समाचाराला गेलो तेव्हा झुंबर रिकाम्या दाव्याजवळ बसला होता. चिमण्या त्या बाजूला मान वळवून उभा होता.

"त्या दिवसापास्नं, आबाशेट," तो म्हणाला. "अंथुर्ण्यापास्नं. दोगांनीबी सोडला हुता. गाडी साळंपाशी रिकामी केली अन् ह्यो चिमण्या घरी येऊन घास घोळाय लागला. पाखऱ्याला न्हाय जमलं. त्यो त्या बाजूला जुंपला हुता, खोक्यातल्या गाईच्या तोंडाकडं."

"अरे, कागदाची आहे ती."

"मला काय म्हाईत न्हाय कशाची हाय." त्यानं डोळे पुसले. "ती माज्या बैलापासनं लांब ठिवा, येवढंच."

आता बघा, नशीब कसं असतं. त्याच आठवड्यात शाळेनं गाय परत पाठवली. शिपाई आवारात एक गाय पाळायचा, ती एकाएकी आटली, आणि वर्गात गोठ्याचा वास येतो म्हणून हेडमास्तरांनी मास्तरांना धारेवर धरलं. पैसे परत नकोत, पण वस्तू तूर्त तुमच्याकडे ठेवा, अशी चिठ्ठी आली. हातगाडीवर घालून आणून हमालांनी ती कुठं ठेवली? आपल्या मागच्या खोलीत. आणि त्या खोलीच्या भिंतीला भिंत लावून कुणाचा गोठा आहे, ते तुम्ही बघितलं आहेच.

मी गावाला गेलो होतो. परत आलो तेव्हा झुंबर दुकानाच्या पायरीवर उभा होता.

"चिमण्यानं कालपास्नं तोंड मिटलंय," तो म्हणाला. "गाडी ऱ्हायली एका बैलाची. ह्यो बी गेला तर मी दुसऱ्याच्या बांधावर रोजानं. सांगा आबाशेट, काय करू?"

७

मी म्हटलं, जाळून टाकू.

घासलेटची बाटली आणि काड्याची पेटी घेऊन आम्ही दोघं मागच्या खोलीत गेलो. दिवसाढवळ्या, दुपारचीच वेळ. खिडकी एकच, वर. तिच्यातून उजेडाचा पट्टा गाईच्या पाठीवर पडला होता. प्रयागबाईंनी रंगवलेले डोळे शांत होते, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. आवाज नव्हता. आम्ही यायच्या आधी होता आणि आम्ही गेल्यावर असेल, असं मात्र वाटत होतं. बोलणारी माणसं आपण आत शिरल्यावर गप्प होतात, तसं.

मी काडी ओढली. झुंबर पुढं झाला, आणि मग त्याला काय झालं कोण जाणे, त्यानं घासलेट खाली ठेवलं.

"न्हाय जमायचं, आबाशेट."

"कागद आहे झुंबर, रद्दी! माझ्याच दुकानातली."

"मंग तुमी लावा."

काडी माझ्या बोटापर्यंत आली. सर्जेराव, मी हिशेबी माणूस. देवळात जातो तोही चार गिऱ्हाइकं भेटतात म्हणून. पण गाईच्या अंगाला काडी लावायची म्हटल्यावर माझा हात पुढं गेला नाही. कागदाची असो की कशाची असो. ती उभी होती, आणि ती गाय होती. काडी मी फुंकून टाकली.

"आपल्याच्यानं एवढंबी हुईना," झुंबर म्हणाला आणि आम्ही दोघंही कसंनुसं हसलो.

दुसऱ्या दिवशी बाजार. बेंदूर तोंडावर आला होता, म्हणून प्रयागबाई मातीचे बैल घेऊन आल्या होत्या. मी त्यांना दुकानात बोलावलं, चहा दिला, सगळं सांगितलं. मध्ये त्या एकदाही "असं कसं हुईल" म्हणाल्या नाहीत. त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

"मावशी, आता घाला मूठभर जोंधळे. मीच घालतो, म्हणाल तर."

"आता मुठीनं काय हुतंय?" त्या म्हणाल्या. "तवा घालायचं हुतं, चव कळायच्या आदी."

"मग काय करायचं?"

"तुमच्या दारात जनावर उभं हाय, आबाशेट. दारातल्या जनावराला काय करत्यात?"

कप खाली ठेवून त्या उठल्या. मागच्या खोलीकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यांच्या पाटीतले बैल त्यांच्या चालण्याबरोबर खुळखुळत राहिले, पार रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू येत होते.

झुंबरनं त्याच संध्याकाळी कडब्याची एक पेंढी सोडून तिच्या पुढ्यात टाकली आणि पाण्याची बादली ठेवली. दार लावून मी कुलूप घातलं, किल्ली माझ्या कडदोऱ्याला.

सकाळी झुंबर हाका मारत आला. चिमण्या बसला होता गोठ्यात, मान वर करून, आणि त्याचा जबडा फिरत होता. खर्र, खर्र, खर्र. झुंबर त्याच्या गळ्यात पडून रडत होता.

मी खोली उघडली. गाय जागच्या जागी. पुढ्यात कडब्याचा चघळ पडला होता, जनावर जाड जाड बुडखे टाकून देतं ना, तसा. बादलीतलं पाणी खाली गेलं होतं.

८

तेव्हापासून रोज एक पेंढी. मी मनाला बरंच समजावलं. झुंबरच चोरून आत येत असेल. पण किल्ली माझ्या कमरेला. उंदीर, घुशी असतील. पण घुशी कडब्याची पानं खाऊन बुडखे एका रांगेत सारत नाहीत. मग म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघू. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की नाही, ते नंतर.

दाराच्या वरच्या फळीला गाठ निघालेली आहे, भोक आहे. एका दुपारी चपला काढून मी स्टुलावर चढलो. आत आवाज चालला होता. मी श्वास रोखून डोळा लावला.

गाय खिडकीच्या उजेडात उभी होती. जबडा बघितला. तो हलत नव्हता. तो भरीव आहे, हलणार कसा? पाय, शेपूट, कान, काहीच हलत नव्हतं, आणि आवाज तर स्वच्छ येत होता. मला हायसं वाटलं, खरं सांगतो. मी मनात म्हटलं, आबा, हा तुझ्या कानांचाच दोष.

मग आवाज थांबला. गिळल्याचा आवाज झाला.

आणि मानेवरच्या त्या तांबड्या रेघेखालून, छातीकडून वर, मुठीएवढा एक गोळा सरकत गेला. रंगाला भेग न पडता, कातडी वर उचलली जावी तसा. जनावर नवा घास तोंडात आणतं तेव्हा तुम्ही तो शंभरदा बघितला असेल. गळ्यापाशी गेला आणि दिसेनासा झाला.

परत आवाज सुरू झाला.

मी स्टुलावरून उतरलो. चपला घातल्या. दुकानात येऊन बसलो आणि एका पोराला पेन्सिल दिली.

सोपान मास्तरांची बदली झाली. जाताना भेटायला आले, पण मागच्या खोलीचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. आता त्यांचं पत्र येतं. तिकडं ते परत फळ्यावर काढून शिकवतात.

९

तर हे असं आहे. चिमण्या आता म्हातारा झालाय, तरी झुंबरचं पोट त्याच्यावर आहे. त्याचा जबडा रोज दुपारी फिरतो तो मागच्या खोलीतल्या पेंढीवर, हे मी तुम्हाला पटवून देणार नाही. तुम्ही शिकलेले. गोठ्यापाशी जाऊन उभे राहा, तुमचं तुम्हाला कळेल. एकदा मी आजारी पडलो, पेंढी टाकायची राहिली, आणि अंधार पडायच्या आत झुंबर माझ्या उशाशी येऊन बसला होता.

दुकान तुमचं, गल्ला तुमचा, नफा-तोटा तुमचा. किमती बदला, पाटी बदला, माझी काही हरकत नाही. मात्र मागच्या खोलीचा कडबा घ्याल तो चांगला घ्या, काळा पडलेला नको. आणि तो वहीत लिहाल तेव्हा धर्मादाय म्हणून लिहू नका, उंदरांनी खाल्ला म्हणून लिहू नका. मुनीम तसं सुचवेल, त्याचं ऐकू नका. गाईची वैरण, एवढं सरळ लिहा. तिथं आपण खोटं लिहायला लागलो की एखाद्या दिवशी पेंढी बारीक होणार, मग राहून जाणार, आणि भिंतीपलीकडं झुंबरच्या गोठ्यात ते आधी कळणार.

आणखी एक. गेल्या अमावास्येपासून पुढ्यात चघळ राहत नाही, बुडख्यांसकट सगळं जातं. कुशीच्या दाराची कडी आता बसत नाही, दार आतून रेटल्यासारखं फुगलंय. मी उघडून बघितलेलं नाही. आणि दुपारी कान दिला तर आवाज दोन येतात, सर्जेराव. एक जाड, ओळखीचा. दुसरा बारीक, अजून नीट न जमणारा, मध्येच अडखळणारा.

माझे कान म्हातारे झालेत, तेव्हा तुम्ही तुमच्यांनी ऐका. एकाला लागलं तर एकाचं लिहा, दोघांना लागलं तर दोघांचं लिहा. पण जे लागेल ते खरं लिहा.